मारुतीच्या पारावर पोरींना लाठी शिकवावी का?

संत्रावाला: आमच्या गावात सध्या हाच वाद पेटलाय. सामुदायिक प्रार्थना झाली की पारावर पोरींना लाठी शिकवायची, असं काही जणांनी ठरवलं. शिकवणारा गावचाच, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेला. जुने भजनी मात्र फुगून बसलेत, म्हणे खंजिरीच्या जागेवर काठी नको. अहो, ज्याला तेल-शेंदूर वाहता त्याच्या हातात गदा आहे! अमरावतीचं ते मंडळ १९१४ पासूनचं, १९३६ साली त्याची माणसं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली. तेही मारुतीचंच नाव घेऊन. भक्ती करणाऱ्यानं मार खात राहावं, हे कुठं लिहिलंय?

वर्धाकाठ: भाऊ, दासमारुती हात जोडून उभा असतो, तो नाही दिसला? तुकडोजी महाराजांना १९४२ ला इंग्रजांनी जेलात टाकलं, ते काय काठी फिरवली म्हणून? खंजिरीचाच धाक होता सरकारले. आज पोरींच्या नावानं पारावर काठ्या येतील, उद्या त्याच मिरवणुकीत पोट्ट्यांच्या हातात दिसतील. आणि एक सांगा, बौद्ध वस्तीतल्या पोरी येणार आहेत का तुमच्या पारावर? का त्यांना संरक्षण लागत नाही?

फाट्यावरची बाई: पोरींना कोणी विचारलं का? मी शिकवते त्या शाळेतल्या पोरी संध्याकाळी एसटीतून फाट्यावर उतरतात. तिथून गावापर्यंत पायवाट, दिवाळीनंतर दोन्ही बाजूंनी डोक्याएवढी तूर. दप्तर सांभाळत पोरगी लाठी घेऊन एसटीत चढेल होय? तिला हे शिकवा: कोणी मनगट धरलं तर मागं ओढायचं नाही, त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा. पकड तिथंच कच्ची असते. हात सुटला की ओरडत पळायचं, ११२ लावायचा. माना खाली घालून चालायला शिकवलेल्या पोरींना ओरडायला शिकवणं सगळ्यात कठीण, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

काळा कोट: कायद्याचं सांगतो. स्वतःच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. बलात्काराच्या किंवा ॲसिडच्या हल्ल्यात बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ पाठीशी आहे. पण ३७ सांगतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको. पळणाऱ्याच्या पाठीत टोला घातला तर तुम्हीच आरोपी. हे मास्तरानं पहिल्या दिवशी सांगावं.

संत्रावाला: बाईंचं मनगटाचं पटलं, तेही घेऊ. पण पार सोडणार नाही. गेल्या साली शाळेच्या पटांगणात कराटे सुरू केले होते, महिन्यात एक पोरगी उरली नाही. बाप म्हणतात, कायले धिंगाणा? तेच बाप देवाच्या दारी पोरीला स्वतः आणून सोडतात. श्रद्धेचा एवढा तरी उपयोग करू द्या की!

वर्धाकाठ: म्हणजे देव फक्त बापांची परवानगी काढायले! बरं, मग एक दिवस पार, एक दिवस विहार करा. तिथले बाप तिथं आणून सोडतील.

संत्रावाला: विहाराला माझी ना नाही. पण आमचे भजनी पारावरच अडून बसलेत, आधी त्यांचं बघू द्या. तुम्ही येता का समजूत घालायला?

वर्धाकाठ: काठीसाठी नाही येणार, बाप्पा. मनगट सोडवणं शिकवत असाल तर सतरंजी मी अंथरतो.