‘हजेरी’ : लावायची, घ्यायची की द्यायची?

प्रश्न : सगळं शिस्तीत चालणाऱ्या एका काल्पनिक नगराची गोष्ट लिहितोय. तिथं चोरी नाही, भांडण नाही, फक्त संध्याकाळी प्रत्येकाने चौकात येऊन आपलं नाव सांगायचं. याला ‘उपस्थिती’ म्हणू की ‘हजेरी’?

उत्तर : हजेरीच म्हणा. ‘उपस्थिती’ एवढंच सांगते की माणूस तिथं होता. हजेरी म्हटली की समोर कुणीतरी मोजणारा आला. मूळ शब्द अरबी ‘हाजिर’, पण खरा अर्थ कळतो तो मराठीने त्याला जोडलेल्या क्रियापदांतून. हजेरी ‘लावणारा’ आपल्या मर्जीने येतो. पाहुणे लग्नाला हजेरी लावतात, राधानगरीत पाऊस हजेरी लावतो. हजेरी ‘घेणारा’ वरचा असतो, म्हणून खरडपट्टी काढली तरी ‘चांगली हजेरी घेतली’ म्हणतात. आणि हजेरी ‘द्यावी’ लागते ती ज्याच्यावर संशय आहे त्याला. तुमच्या नगरातले लोक हजेरी देतात.

आमच्या कोल्हापूर संस्थानात हे खरोखर चालत होतं. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींतल्या माणसांना गावात रोज हजेरी द्यावी लागे. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मले म्हणून. शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. ब्रिटिश मुलखात मात्र काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा चालूच राहिला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींसाठीच्या सक्तीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली होती आणि सरकार त्याला ‘सुधारणा’ म्हणत होतं. त्यांची सुटका झाली ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तुमच्या गोष्टीतला नगरप्रमुखही ‘सुधारणा’ हाच शब्द वापरेल, बघा.

शंका : पण शाहू महाराजांनीच १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत नाही पाठवलं तर पालकांना दंड. मग तीही हजेरीच की!

उत्तर : हो, तीही हजेरीच, आणि सक्तीचीच. म्हणून तर मला ही दोन वर्षं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. एकाच राजाने एक हजेरी लादली आणि दुसरी काढून टाकली. शाळेच्या हजेरीपटावर नाव असतं ते काही वर्षांसाठी, सगळ्या जातींच्या मुलांचं, आणि एक दिवस ते पटावरून निघतं. जातीवर लादलेल्या हजेरीतून माणूस मरेपर्यंत सुटत नसे, मागून त्याचा मुलगा उभाच. कुणाची हजेरी, आणि ती संपते कधी, एवढं विचारलं तरी माझ्या मते पुष्कळ कळतं.

तालमीतही वस्ताद विचारतोच, “काल कुठं होतास रे?” पण पोरगं लंगोट खुंटीला लावून कायमचं घरी जाऊ शकतं.

इथल्या एका अपार्टमेंटमध्ये हल्ली गेटवर मोबाईल अॅप आहे. धुणंभांडी करणाऱ्या मावशी आल्या-गेल्याची वेळ त्यात पडते, फ्लॅटमालकांची पडत नाही. सगळे म्हणतात, सोसायटी एकदम आदर्श आहे. मावशी म्हणतात, “गेटवर हजेरी देऊन येते.” कुणी न शिकवता त्यांच्या तोंडी ‘देणे’ आलं, यावरच मी तुम्हाला ठामपणे ‘हजेरी’ सुचवतोय.

जाता जाता : आमच्याकडे दिवसाच्या मजुरीलाही हजेरी म्हणतात, “आज हजेरी किती पडली?” कोकणात, विदर्भात हा अर्थ चालतो का? तिकडच्यांनी सांगावं.