नळाआधीची न्हाणी : खान्देशातली माहिती इथे लिहा

नळ आला आणि आंघोळ तोटी फिरवण्यापुरती उरली. त्याआधी पाणी ओढायचं, तापवायचं, पुरवायचं आणि वापरलेलं पाणी वाटेला लावायचं, अशी चार कामं एका 'आंघोय'मागे, म्हणजे इथल्या बोलीतल्या आंघोळीमागे, होती. ही जाण आता थोड्याच हातांत राहिली आहे. म्हणून आठवणींपेक्षा कृती लिहा: कशात, किती, कसं आणि कुठे बिघडतं.

रावेरहून

पाणी तापवायच्या बंबापासून सुरुवात करतो. तांब्याचं उभं भांडं, मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेली नळी, नळीच्या तळाला लोखंडी जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. सरपण नळीत, पाणी नळीभोवती. आगीला चहूकडून पाण्याचा वेढा असल्यामुळे उघड्या चुलीवर हंडा ठेवण्यापेक्षा सरपण बरंच कमी लागतं.

आपल्याकडे कपाशी उपटली की पऱ्हाट्या मुबलक. पण नुसत्या पऱ्हाटीवर बंब तापत नाही. ती भडकते आणि विझते. जाळीवर आधी वीतभर मोडलेल्या पऱ्हाट्या, त्यावर गोवरीचा तुकडा, तो धरला की बाभळीचे दोन-तीन ढलपे. नळी तोंडापर्यंत कोंबली तर हवा अडते, धूर मागे फिरतो आणि पाणी कोमटच राहतं. कालची राख आज पेटवण्याआधी काढायची. जाळीची भोकं बुजली की खालून वारा लागत नाही. 'बंब धरत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पाणी आधी, विस्तव नंतर. कोरडा बंब पेटवला तर सांध्याचा डाख वितळतो आणि भांडं गळायला लागतं. तोटी तळापासून थोडी वर असते ती यासाठीच, म्हणजे खाली कायम पाणी राहतं. ज्या बंबाला वर नरसाळं असतं, त्यात तांब्याभर गार ओतलं की तेवढंच कढत बाहेर येतं. त्यामुळे ओतणाऱ्याने तोटीखाली हात धरायचा नाही.

जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याचा खार आत धरतो. खाराचा थर बसला की तापायला वेळ लागतो. चिंचेचा घट्ट कोळ आणि मूठभर मीठ कोमट पाण्यात कालवून आत रात्रभर ठेवावं, सकाळी ढवळून ओतून द्यावं आणि दोनदा खळबळून घ्यावं. बाहेरून चिंच आणि राख.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. बंद न्हाणीत पेटता बंब ठेवू नका. कोंडलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेत गेल्यासारखा जातो. बंब अंगणात किंवा पडवीत, न्हाणीत फक्त पाणी न्यायचं.

अमळनेरहून

रावेरच्या नानांनी वर जड पाण्याचा विषय काढला, त्याला जोडून. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट केसांवर चिकट पांढरट साका बसतो. शिकेकाई-रिठ्याचा फेस वेगळ्या द्रव्याचा, त्याचा साका होत नाही. विहिरीच्या पाण्याला शिकेकाई मानवायची ती यामुळे.

प्रमाण: शिकेकाईच्या शेंगा 1 किलो, बिया काढलेले रिठे पाव किलो, आवळकाठी पाव किलो, नागरमोथा 100 ग्रॅम, मेथी 100 ग्रॅम. सगळं कडक उन्हात दोन दिवस वाळवून दळावं. ओल राहिली तर दळताना जात्याला चिकटतं आणि महिन्यात जाळी धरते.

एका न्हाण्याला दोन मोठे चमचे. रात्री दीड तांब्या पाण्यात मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात भिजवावं. आंबट असल्याने तांब्या-पितळेत नको. सकाळी मंद आचेवर एक तांब्या होईपर्यंत उकळावं आणि सुती फडक्यातून गाळावं. न गाळता लावलं तर चोथा केसांत अडकतो आणि तो काढायलाच दोन तांबे पाणी जास्त लागतं. लावताना मान मागे टाकून, डोळे मिटून. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं.

पारोळ्याहून

टंचाईतला हिशेब. वैशाखात घागर विहिरीतून निघते तीच गाळ घेऊन. त्या दिवसांत मोठ्या माणसाची आंघोळ सहा तांब्यांत, म्हणजे साधारण सहा लिटरमध्ये बसवायची. पहिला तांब्या पायांवर आणि मांड्यांवर, दुसरा खांद्यावरून हळू धार धरून. मग पाणी थांबवून ओल्या फडक्याने किंवा गिलक्याच्या जाळीने काखा, मान, जांघा, बोटांच्या बेचक्या नीट घासायच्या. उरलेले चार तांबे वरून खाली. नवशिक्याचे पहिले तीन तांबे डोक्यावरच संपतात आणि मळ तसाच राहतो.

गिलकं वेलावरच पूर्ण वाळू द्यायचं. हलवल्यावर बिया खुळखुळल्या की तोडायचं, रात्रभर भिजवून साल काढायची, बिया झटकायच्या. वापरून झाल्यावर उन्हात टांगायचं. मोरीत ओलं पडलं तर आठवड्यात काळं पडतं आणि मग ते अंगाला लावू नये.

भडगावहून

गिरणेकाठचा झिरा सांगायचा राहिला. नदी आटली तरी वाळूखाली पाणी असतं. धारेपासून चार-पाच हात लांब, कोरड्या वाळूत गुडघाभर खड्डा करायचा. पहिलं भरलेलं पाणी गढूळ, ते वाटीने उपसून बाहेर टाकायचं. असं तीनदा केलं की नितळ येतं. कडा ढासळतात म्हणून तोंड पसरट ठेवायचं. पिण्याचा झिरा वरच्या अंगाला, आंघोळ आणि धुणं खालच्या अंगाला. हा क्रम चुकला तर आंघोळीचं आणि धुण्याचं सगळं वाहत खाली पिण्यात येतं.

धुळ्याहून

क्रमाचं बोललात म्हणून पायविहिरीचं सांगणं भाग आहे. पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभं राहून हात-पाय धुवायचे आणि तिथूनच घागर भरायची, ही रीत नारू या जंताच्या रोगाच्या मुळाशी होती. नारूचा जंत पायाच्या फोडातून डोकं काढतो, पाय पाण्यात बुडाला की हजारो अळ्या सोडतो. त्या अळ्या पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव गिळतो आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पोटात जातं. साधारण वर्षाने त्याच्या पायाला फोड. उपाय साधे होते: पाणी दुपदरी कापडातून गाळणं, विहिरीला कठडा, पायऱ्या बुजवून रहाट. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. जुन्या रीतींचं कौतुक करताना ही रीत वगळूनच करावं.

शिरपूरहून

बाळाच्या न्हाण्याबद्दल दोन शब्द, कारण इथे चूक परवडत नाही. पाणी कोपराने पाहायचं, तळहाताने नाही. कामाचा हात निबर असतो, त्याला कढतही कोमट लागतं. कोपराला ना गरम ना गार लागलं की बरोबर. पाय पसरून, नडग्यांवर पालथं घेऊन, तोंडाखाली हात मोकळा ठेवून पाठीवर धार. नाका-कानात तेल सोडणं, टाळू दाबणं, ओवा-वावडिंगाची धुरी देणं हे पूर्ण बंद. तेल फुप्फुसात उतरू शकतं आणि धूर तान्ह्याला सोसत नाही.

बायकांच्या पाळीच्या कपड्यांचंही इथेच लिहिते, कुणी लिहीत नाही म्हणून. जुन्या सुती लुगड्याची घडी उत्तम शोषते. आधी गार पाण्यात धुवायची. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण, मग उकळी. आणि वाळवायची उघड्या उन्हात. लाजेपायी दुसऱ्या कपड्याखाली किंवा अंधाऱ्या खोलीत वाळवलेली घडी दमटच राहते आणि तिथून खाज, संसर्ग सुरू होतो. घडी धुण्यात घरच्या बायांकडून हयगय नव्हती, वाळवायला जागा कुणी दिली नव्हती.

चोपड्याहून

आमच्याकडे अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, पण रोजचा प्रश्न सांडपाण्याचाच. काळी जमीन ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, पाणी वरच साचतं आणि डास होतात. त्यामुळे शोषखड्डा काळी माती ओलांडून मुरमात उतरायलाच हवा. नेहमीचं माप मीटर बाय मीटर बाय मीटर. काळी जाड असेल तर आणखी खोल. तळाला मोठे दगड, वर लहान होत जाणारे. सगळ्यात वर बुडाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या. केस, साबणाचा साका, तेल तिथेच अडतं. शेंड्या पंधरा दिवसांनी काढून धुवायच्या. हे टाळलं तर तेलकट गाळ दगडांत उतरतो आणि सगळा खड्डा उपसावा लागतो. जवळ केळ किंवा कर्दळ लावावी, पाणी ओढून घेते. केळ मात्र खड्ड्यापासून दोन हात लांब, नाहीतर मुळं दगडांत शिरतात.