सुचणाऱ्या कल्पनांचीही मेंदूत निवड आणि उत्क्रांती होते का?

टर्नर_अंबड: अंबड एमआयडीसीत सीएनसी लेथवर (संगणकावर चालणारं कातकामाचं यंत्र) आहे. मागे एका पातळ बुशच्या (नळीसारख्या नगाच्या) बोअरने, म्हणजे आतल्या भोकाने, आम्हाला छळलं. जॉब चकमधून, म्हणजे तो धरणाऱ्या पकडीतून, काढला की प्लग गेज (भोकात घालून पाहायचा मापाचा दांडा) अडायचा, पण दोन टोकांनी मोजणारा बोअर गेज लावला की माप ओके! चकचे तीन जॉ (जबडे) दाबतात तिथे बुश आत दबतो, तशातच बोअर होतो आणि सुटल्यावर त्याला तीन पाकळ्या येतात. त्या दोन टोकांच्या गेजला दिसतच नाहीत. चकचं प्रेशर कमी केलं तर जॉब जॉमध्ये फिरायचा, म्हणून तो उपाय सोडला. इन्सर्ट (कापणारं टोक) बदलला, फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) कमी केला, फरक शून्य. मग दुसऱ्याच जॉबसाठी ठेवलेले सॉफ्ट जॉ (मापात कापून घेता येणारे मऊ जबडे) दिसले आणि सोडलेला प्रेशरचा उपाय परत आठवला. सॉफ्ट जॉ बुशच्या मापात बोअर करून घेतले. पकड सगळीकडून, दाब कमी. बुश गोल निघाला.

दोन कल्पनांचा हा संकरच ना? मेंदूत खरंच डार्विनसारखं काही चालतं, की नुसती बोलायची पद्धत?

जीवशास्त्र_नाशिकरोड: दादा, नुसती बोलायची पद्धत नाही. भरपूर पर्याय आंधळेपणाने निर्माण होतात आणि कामाचे तेवढे टिकतात, हे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी सर्जनशील विचाराबद्दल १९६० सालीच मांडलं. जेराल्ड एडलमन यांना १९७२ चं नोबेल प्रतिपिंडांच्या (जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या) रचनेसाठी मिळालं. शरीरात प्रतिपिंडांची विविधता आधीच तयार असते, जंतू आला की जुळणारी निवडली जाते. हीच दृष्टी त्यांनी चेतापेशींच्या गटांना लावली.

मला सगळ्यात भावतो तो झेब्रा फिंचचा पुरावा. या पक्ष्याचं पिल्लू गाणं शिकताना अडखळत, दर वेळी वेगळं गातं. मेंदूतला एलमॅन नावाचा भाग तात्पुरता बंद केला की ते वेडंवाकडेपण जवळजवळ थांबतं आणि गाणं एकसुरी होतं. म्हणजे ही विविधता मेंदू स्वतः घडवतो!

बागाईतदार_पिंपळगाव: द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतर आम्ही फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढतो, घडाच्या ठेवतो. तसंच का मॅडम?

जीवशास्त्र_नाशिकरोड: हो भाऊ. लहान मुलाच्या मेंदूत जोडण्या गरजेपेक्षा जास्त तयार होतात, मग कमी वापरातल्या बऱ्याच गळतात.

सांगाडा_नको_पुरावा_हवा: पण छाटणी म्हणजे उत्क्रांती नव्हे. उत्क्रांतीत टिकलेल्याच्या प्रती निघतात, प्रतींत बदल होतात आणि पुन्हा निवड होते. एडलमन यांच्या सिद्धांतात प्रती कुठे आहेत, असा आक्षेप डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक यांनी १९८९ मध्ये घेतला होता. पुढे फर्नांडो आणि सॅथमारी या संशोधकांनी चेतापेशींतले आकृतिबंध मेंदूतच कॉपी कसे होऊ शकतील याची मॉडेल्स दिली. ती मॉडेल्स आहेत, मेंदूत दाखवून दिलेली गोष्ट नव्हे. शिवाय टर्नरदादांचं डोकं आंधळं नव्हतं. जॉ, दाब, बुशच्या भिंतीची जाडी यांच्या बाहेर ते फारसं गेलंच नाही. ती चौकट हाताच्या अनुभवाने आखली होती.

टर्नर_अंबड: पटलं. प्रेशरचा उपाय मला आठवला हे नशीब, दुसऱ्या शिफ्टच्या पोराला तो माहीतच नव्हता. आमच्या रिजेक्शन रजिस्टरमध्ये नग आणि कारण लिहितात, काय करून पाहिलं आणि ते कशामुळे फसलं ते लिहीत नाहीत. सोमवारी सुपरवायझरना त्याचा रकाना वाढवायला सांगतो.