नऊ महिन्यांची पोरगी, सात जणांची ट्रिप, नागपूरहून कुठं जावं?

चिऊची_आई

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसती वाचत होती, आज पहिल्यांदा लिहून राहिली. मुलगी साडेआठ महिन्यांची आहे, 12 डिसेंबरला नऊ पूर्ण होतील. ती झाल्यापासून माहेर आणि दवाखाना सोडून आम्ही कुठंच गेलो नाही. आता घरच्यांनी ट्रिप ठरवली आहे, म्हणजे जायचं एवढंच ठरलं, कुठं ते नाही.

नवरा सरकारी नोकरीत, त्यामुळे हिवाळी अधिवेशन संपेपर्यंत घरात सुट्टी हा शब्दही काढायचा नाही. त्यानंतर तीन रात्री, फार तर चार. आणि संक्रांतीच्या आत घरी परत, कारण चिऊचं पहिलं बोरनहाण आहे आणि सासूबाईंनी अर्ध्या धंतोलीला आताच सांगून ठेवलं आहे.

जाणार कोण तर आम्ही तिघं, सासू-सासरे, नणंद आणि तिचा सात वर्षांचा मुलगा. सासूबाईंना शेगाव, नणंदेला पचमढी, नवऱ्याला गोवा, सासऱ्यांना चिखलदरा, कारण लग्नानंतर ते दोघं एसटीनं तिथं गेले होते आणि तेव्हा धुक्यात बस दिसत नव्हती ही गोष्ट आम्ही दर दिवाळीला ऐकतो. मला कोणी विचारलं नाही. खरं सांगू का, मला फक्त झोपायचं आहे.

चिऊ अंगावर पिते, शिवाय मुगाची पेज, नाचणी सत्त्व, केळं. सकाळी दहाला आणि दुपारी दोनला झोपते, रात्री दोनदा उठते. गाडीत चाळीस मिनिटं छान असते, मग वर्धा रोडच्या सिग्नलवर जे भोकाड पसरते ते घर येईपर्यंत. गाडी अर्टिगा आहे. कुठं जावं समजूनच नाही राहिलं.

मानकापूरचा_बाप

ताई, सगळ्यात आधी पचमढी कट करा. वाईट नाही, जागा एकच नंबर आहे, पण आम्ही मुलगा दहा महिन्यांचा असताना गेलो होतो म्हणून सांगून राहिलो. सावनेर, सौंसर, छिंदवाडा इथपर्यंत पोट्टं मस्त झोपलं, आम्ही म्हटलं बघा किती शहाणं आहे आपलं लेकरू, आणि तामियाच्या पुढं वळणं लागली तसं त्यानं सगळं सत्त्व माझ्या शर्टावर परत केलं. अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर, मोबाईल सहा तास दाखवत होता, आम्हाला साडेनऊ लागले. दर तासाला थांबा, पाजा, ढेकर काढा, कपडे बदला. परतीचं टेन्शन तर तिथं पोचल्यापासूनच सुरू झालं होतं.

आणि तिथं गेल्यावर तरी काय, बी फॉलला पायऱ्या, जटाशंकरला पायऱ्या, धूपगडला जायचं तर जिप्सी. स्ट्रोलर मी हौसेनं नेला होता, तो तीन दिवस डिक्कीतच पचमढी फिरला. बायकोनं धूपगडचा सूर्यास्त जिप्सीत बसून पाहिला, म्हणजे पाहिला नाहीच, ती ओढणीखाली त्याला पाजत होती.

खाण्याचं पण एक सांगतो. हॉटेलचं नाव नाही घेत. किचनमध्ये स्वतः जाऊन सांगितलं की बाळाची खिचडी आहे, मीठ-मसाला काही टाकू नका. आली तेव्हा वरून जिरं, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. वेटर म्हणे, साब, बिना तडके के अच्छा नहीं लगता. तेव्हापासून आम्ही छोटा इलेक्ट्रिक कुकर सोबत नेतो. घरून तांदूळ-मुगाची डाळ भाजून भरड काढून न्या, पंधरा मिनिटांत पेज तयार, कोणाच्या पाया पडायची गरज नाही.

नर्सताई_अमरावती

तारखेबद्दल बोलते, कारण तिकडं कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस असतो. त्याचा ताप बाकी लसींसारखा त्याच रात्री येतोच असं नाही, बऱ्याच बाळांना साधारण आठवड्याभरानं, कधी दहा-बारा दिवसांनी येतो, अंगावर बारीक पुरळही येऊ शकते. घाबरायचं काम नसते, पण हे तुम्हाला घरी व्हायला पाहिजे, घाटात नाही. 12 तारखेच्या पुढं लगेच लस घेतली तर 26-27 पर्यंत ते दिवस निघून जातात. लस पुढं ढकलू नका हं, ट्रिप ढकला. तशीही 24 डिसेंबर ते 1 जानेवारी सगळीकडं गर्दी आणि डबल भाव. 4-5 जानेवारीला निघा, संक्रांतीच्या आत आरामात परत येता.

तापाचं औषध डॉक्टरला तिच्या आजच्या वजनावर विचारा आणि किती एमएल ते बाटलीवरच लिहून ठेवा. ड्रॉप्स आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते. ड्रॉप्स थेंबा-थेंबाचं औषध म्हणून लोकांना हलकं वाटतं, असतं उलटं, एका एमएलमध्ये ड्रॉप्समध्ये औषध जास्त असतं. बाहेरगावी मेडिकलवाल्यानं ड्रॉप्सऐवजी सिरप दिलं किंवा सिरपऐवजी ड्रॉप्स, आणि आईनं जुन्याच मापानं पाजलं, असं मी ड्युटीवर पाहिलेलं आहे.

सासरेबुवांच्या चिखलदऱ्याबद्दल, जागा आमच्या जिल्ह्यातली म्हणून वाईट बोलवत नाही. पण परतवाड्यापासून वर घाटच घाट, जानेवारीत रात्रीची थंडी हाडात जाते, आणि रात्री पोरीला काही झालं तर बालरोगतज्ज्ञासाठी पुन्हा तोच घाट उतरून परतवाडा. पोरगी दोन वर्षांची झाली की पावसाळ्यात घेऊन या, धुकं तेव्हाच खरं असते.

अजून एक, प्रवासात खोकला झाला तर कोणीतरी मधाचं बोट चाटवायला नक्की सांगेल. वर्षाच्या आत मध नाही, एक थेंबही नाही.

गजाननभक्त_वर्धा

शेगाव. ट्रेननं जा. चार-साडेचार तासांत पोचता, पोरगी डब्यात इकडून तिकडं फिरते, पाच वर्षांखाली बर्थ नको असेल तर तिकीटही नाही. स्वच्छता तर जगाला माहीत आहे. गुरुवार टाळा फक्त. जय गजानन.

चिऊची_आई

सगळ्यांना थँक्यू. लसीचं तर डोक्यातच नव्हतं, आत्ताच डॉक्टरकडे 13 ची वेळ घेतली.

@गजाननभक्त_वर्धा, दादा, शेगावला जायचंच आहे, पण दर्शन झाल्यावर तीन रात्री भाचा काय करणार? तो आतापासून वाघ-वाघ करून राहिला. आणि गोव्याचं मीच कालच्या जेवणात संपवलं. विमानात दोन वर्षांखालच्याला वेगळी सीट लागत नाही, मांडीवर बसवा, उतरताना कान दुखू नये म्हणून पाजत राहा, हे सगळं ठीक आहे, पण सात जणांचं जाणं-येणं लावून बघितलं तर नवरा आपणहूनच म्हणाला, राहू दे.

जबलपूर_रोडवाला

वाघ म्हणून राहिला ना भाचा? मग पेंच. इतके लोक लिहून गेले पण घराजवळचं कोणाला आठवलंच नाही. नागपूरहून मनसर, देवलापार, खवासा आणि तिथून आत तुरिया गेट, एकूण नव्वदेक किलोमीटर. सिल्लारीला आपल्या महाराष्ट्राच्या बाजूला राहिलात तर अजून कमी. रस्ता चौपदरी आणि सरळ, घाट नाही. वाटेत जंगलात हायवे उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे, सगळ्यात लांब पूल साडेसातशे मीटरचा, भाच्याला सांगा की आपण वाघाच्या डोक्यावरून चाललो. तुमची पोरगी दहाला झोपते ना, मग पावणेदहाला घरून निघा, उठेल तेव्हा मनसर गेलेलं असेल. एक थांबा आणि पोचले. रात्री ताप आला तर दोन तासांत आपल्याच डॉक्टरच्या दारात, हा हिशोब मला सगळ्यात मोठा वाटतो.

पण पोरीला सफारीत नेऊ नका. लोक नेतात, आम्ही पण नेलं होतं. जानेवारीत सकाळी उघड्या जिप्सीत वारा असा लागते की मोठ्या माणसाच्या डोळ्यातून पाणी येते, चार तास उतरता येत नाही, लंगोट बदलायची सोय नाही, धूळ वेगळी. आमचं पोरगं नेमकं तेव्हा रडलं जेव्हा गाइडनं चितळाचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याची ओरड, ऐकून गाडी बंद करायला लावली. पुढच्या तीन जिप्स्यांमधले लोक वळून आमच्याकडं जे पाहत होते ते मी विसरलो नाही अजून.

तर असं करा, नवरा, नणंद, भाचा आणि सासरे सफारीला. तुम्ही, आजी आणि पोरगी रिसॉर्टवर. जेवणासहित रूम घ्या, खालच्या मजल्यावरची, समोर ऊन येते का ते विचारून. आठ वाजता तिची मालिश उन्हात, दहाला ती झोपेल, आणि ताई तुम्ही पण झोपा. तुमच्याच पोस्टमध्ये लिहिलं आहे तुम्ही की काय पाहिजे, मी फक्त जागा सांगितली.

भाच्याच्या शाळेचं काय म्हणाल, तर दुसरीतल्या पोराला दोन दिवस दांडी, त्यात काय मोठं.

अर्टिगाचं मात्र नीट बघा. सात जण बसले की मागं सामानाला जागाच राहत नाही, त्यात पोरीची कार सीट एक जागा खाते. आणि कार सीट पाहिजेच, मागच्या बाजूला तोंड करून, मधल्या ओळीत. पुढं मांडीवर घेऊन बसायचं नाही, समोर एअरबॅग असते. मग काय, मोठ्या बॅगा वर कॅरिअरवर, नाहीतर नवऱ्याची एखादी बॅग घरी ठेवा, त्यांना लागते काय, दोन टी-शर्ट.

महालातली_आजी

बेटा, मी जास्त लिहीत नाही, नातवानं ॲप टाकून दिलं आहे. सगळ्यांनी छान सांगितलं. माझं ऐक, निघायच्या आधीच्या रविवारी एक दिवस रामटेकला जाऊन या, पन्नासच किलोमीटर आहे. गडावर हातात बिस्किटाचा पुडा ठेवू नका, माकडं येतात. माझ्या सुनेच्या हातातून नेला होता आणि समोरच बसून एक-एक बिस्किट खाल्लं, नात हसून हसून बेजार. खिंडसी तलावाला चटई टाका, जेवा, घरी या. काय विसरलं, गाडीत ती किती वेळ राहते, सगळं त्या एका दिवसात समजते.

दुसरं, नवीन जागी लेकरू झोपत नाही कारण वास ओळखीचा नसतो. हॉटेलच्या चादरीला साबणाचा वास येतो. रोजचं दुपटं आणि तुझी एक जुनी सुती साडी ने, तीच अंथरूण घाल. आणि ते दुपटं निघायच्या आधी धुवू नको.

रात्री पोरीला घेऊन कोण बसणार हे घरीच ठरवून निघा. तिथं गेल्यावर सगळ्यांना वाटते आई आहे ना. सासूला गोड बोलून सांग की पहाटे पाचला उठली की तुमच्याकडं देईन. आजीला तेवढंच पाहिजे असते, मला माहीत आहे.

चिऊची_आई

आजी, तुमची पोस्ट मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली, शेवटच्या ओळी सोडून. मग त्यांनी स्वतःच मोबाईल हातात घेतला आणि त्या पण वाचल्या. थोड्या वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, पाच कशाला, चारला दे.

तर ठरलं. रामटेक 28 ला, पेंच 5 जानेवारीपासून तीन रात्री. शेगावला फेब्रुवारीत प्रकट दिनाची गर्दी ओसरली की ट्रेननं, सासूबाईंना तसा शब्द दिला आहे. सासरे जरा नाराज होते, पण तुम्हीच सफारीत पुढच्या सीटवर म्हटल्यावर मानले. @मानकापूरचा_बाप, दादा, तो कुकर किती लिटरचा ते सांगा.

फक्त एक घोटाळा आहे आजी, सासूबाईंना दुपटी रोज गरम पाण्यात डेटॉल टाकून धुवायची सवय आहे. आज सकाळीच दहाच्या दहा वाळत टाकली.

मानकापूरचा_बाप

सव्वा लिटरचा. दोन वाट्या पेजेला भरपूर झाला. वायर लांब नसते, एक्स्टेन्शन बोर्ड न्या, हॉटेलात प्लग नेहमी बेडच्या मागं असतो.

महालातली_आजी

मग निघायच्या चार दिवस आधी एक दुपटं तुझ्या उशीखाली घालून ठेव. तिथं सासूचा हात जाणार नाही.