शब्दचर्चा : ‘सार्वजनिक आरोग्य’ म्हणजे नेमकं काय?

गुहागरहून

आमच्या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ‘सार्वजनिक आरोग्य’ असं एक शीर्षक आहे. त्याखाली काय घ्यायचं यावर ग्रामसभेत तासभर बोलणं झालं आणि शेवटी रुग्णवाहिकेवर एकमत झालं. रुग्णवाहिका हवीच, रात्री-अपरात्री आमच्या वाडीतून तालुक्याला जायला गाडी मिळत नाही. पण वरच्या वाडीतल्या विहिरीचा कठडा ढासळलाय, पावसात गोठ्याकडचं पाणी आत उतरतं, हा विषय निघाला तेव्हा ‘ते पाणीपुरवठ्यात घ्या’ म्हणून बाजूला पडला. मला तिथेच खटकलं. विहीर आरोग्यात येत नसेल तर मग येतं तरी काय? कुणी हा शब्द उलगडून सांगेल का? पुढच्या सभेसाठी मसुदा मलाच लिहायचा आहे.

मालवणहून

बोलण्यात या शब्दाचा अर्थ ‘सरकारी दवाखाना’ एवढाच उरलाय. खात्याचं नाव सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि लोकांना त्याचं जे दिसतं ते रुग्णालय. शिवाय सार्वजनिक बांधकाम, सार्वजनिक शौचालय हे ऐकून ऐकून ‘सार्वजनिक’ म्हणजे सरकारनं करायचं, असं डोक्यात बसलंय. त्यापेक्षा ‘जनआरोग्य’ म्हटलं तर?

देवरुखहून

‘जनआरोग्य’ नको. तो शब्द आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी बांधला गेलाय. ती योजना रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च उचलते, एकेका रुग्णाचा. काम मोलाचं आहे, पण ताई विचारताहेत ते हे नव्हे.

आधी ‘आरोग्य’ घेऊ. ‘अरोग’ला भाववाचक ‘य’ लागून तो झाला, म्हणजे मुळात अर्थ रोग नसणं. गंमत अशी की १९४८ पासून लागू असलेली जागतिक आरोग्य संघटनेची घटना नेमकं उलट सांगते: केवळ रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, शरीर, मन आणि समाजातलं जगणं तिन्ही सुस्थितीत हवं. या अर्थाला ‘स्वास्थ्य’ जवळचा. सुश्रुतानं स्वस्थ माणसाच्या लक्षणांत दोष, अग्नी, धातू यांच्या बरोबरीनं प्रसन्न मनही मोजलंय. हिंदीनं तोच शब्द उचलला. मराठीत मात्र तो मनाकडे झुकला. ‘अस्वस्थ’ माणूस आजारी असतोच असं नाही. म्हणून आपण ‘आरोग्य’च ठेवला आणि त्याचा अर्थ रुंद केला. हे योग्यच झालं.

खरी मेख ‘सार्वजनिक’मध्ये आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा या शब्दाचा ‘सरकारी’शी काही संबंध नव्हता. लोकांचं म्हणणं सरकारपुढे मांडणारी ती सभा. तिच्यासाठी झटणाऱ्या गणेश वासुदेव जोशींना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. सगळ्यांनी मिळून, सगळ्यांसाठी, हा तो अर्थ. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या विन्स्लो यांनी १९२० मध्ये केलेली व्याख्या आजही शिकवतात, तिचा कणाही हाच: रोग टाळण्याचं, आयुष्य वाढवण्याचं आणि आरोग्य सुधारण्याचं शास्त्र आणि कला, पण समाजाच्या संघटित प्रयत्नांतून. परिसराची स्वच्छता, साथींचा बंदोबस्त, वैयक्तिक स्वच्छतेचं शिक्षण, वेळेवर निदान आणि निरोगी राहण्यापुरतं राहणीमान प्रत्येकाला मिळणं, हे सगळं त्यात आहे. दवाखाना त्यातला एक तुकडा.

कोकणातल्या माणसाला हे सातबाऱ्यावरून पटकन कळेल. ‘सामाईक’ जमिनीत माझा हिस्सा असतो आणि मी वाटप मागू शकतो. ‘सार्वजनिक’चं वाटप होत नाही. शेजारच्या टाकीत अळ्या असतील तर माझ्या अंगणापुरतं डासमुक्त वातावरण मला कुठून मिळणार?

दोडामार्गहून

मी आरोग्य सेवक म्हणून निवृत्त झालो. आम्ही वाडीत शिरलो की ‘आरोग्याची माणसां इली’ असं म्हणत, आणि आमच्या पिशवीत औषधं कमी, कामं जास्त असत. विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर, पडते का बघा, गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, करून घ्या, आठवड्याच्या कोरड्या दिवशी डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून पिंपं रिकामी करायला लावा, रात्री हत्तीरोगासाठी रक्ताचे नमुने घ्या.

२०१६ साली आमच्या तालुक्यात माकडताप आला. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडीतून होतो, आणि माणसाआधी माकडं मरू लागतात. म्हणजे पहिली बातमी दवाखान्यात येतच नाही. ती काजूच्या बागेत जाणाऱ्या बाईला मिळते. तिनं मेलेलं माकड पाहून कळवायचं, वनखात्यानं आणि पशुसंवर्धनानं धावायचं, आम्ही घरोघर तापाचे रुग्ण शोधायचे आणि जंगलात जाणाऱ्यांना गोचिडी दूर ठेवणारं, अंगाला लावायचं तेल द्यायचं. यातलं एक माणूस गप्प बसलं तरी साखळी तुटते. लेप्टोचंही, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचंही, तसंच. लावणीच्या चिखलात उंदरा-गुरांच्या लघवीतले जंतू पायाच्या जखमेतून शिरतात. ताप आल्यावर उपचार आहेतच. पण लावणीआधी पायाच्या जखमा तपासणं, जोखमीच्या गावांत लेप्टो होऊ नये म्हणून आठवड्याला घ्यायची डॉक्सीसायक्लिनची गोळी पोचवणं, ती खरंच गिळली का हे पाहणं, याला मी सार्वजनिक आरोग्य म्हणतो. ज्याला लेप्टो झाला नाही तो कधी आभार मानायला येत नाही. त्यामुळे ग्रामसभेत हे काम कुणाच्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही.

मालवणहून

काका, पटलं. ‘जनआरोग्य’ मागे घेतो. एक सुचलं: ‘साथ’ शब्द आपण रोगालाही वापरतो आणि सोबतीलाही.

देवरुखहून

मूळ एकच, संस्कृत ‘सार्थ’, म्हणजे मिळून प्रवास करणारा तांडा. रोगही तसाच माणसांबरोबर चालतो.

गुहागरहून

सगळ्यांचे मनापासून आभार. राज्यघटनेचा ४७वा अनुच्छेदही पाहिला. पोषण आणि राहणीमान उंचावणं आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं, ही तिन्ही तिथे एकत्र, राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांत मांडली आहेत. मसुदा असा केलाय:

‘सार्वजनिक आरोग्य म्हणजे गावातल्या कुणालाही टाळता येण्याजोगा आजार होऊ नये आणि झालाच तर वेळेत उपचार मिळावा, यासाठी गावानं आणि शासनानं मिळून केलेलं काम. यात वरच्या वाडीच्या विहिरीचा कठडा व सांडपाण्याची वाट, लावणीआधी जखमांची तपासणी, आणि रुग्णवाहिका या क्रमानं तरतूद करावी.’

रुग्णवाहिका तिसरी ठेवल्यावर सभेत वाद होईल, पण क्रम मी बदलणार नाही. दोडामार्गचे काका, मेलेलं जनावर दिसलं तर कुणाला कळवायचं, तेही यात एका ओळीत घालू का? शब्द तुम्हीच सुचवा.