दमास्कस खंजिरावर तांबूस ठिपके, नक्षी खरी की छापील?

प्रश्न: मंडळी, ॲक्शनपटातल्या हिरोच्या कमरेला असतो तसा दमास्कस, म्हणजे लाटांसारखी नक्षी असलेल्या पोलादाचा, खंजीर हौसेनं घेतला. पातं साडेसात इंच, मूठ उंटाच्या हाडाची. पावसाळाभर चामड्याच्या म्यानात होता. काल काढला तर टोकाशी गंज! बायको म्हणते, "यापेक्षा माझी विळी बरी." फसलो का? घासू का?

उत्तर १: थांबा, घासू नका, नक्षी जाईल. आधी पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्धची जाड कड, बघा. खऱ्या नक्षीच्या रेषा पाठीवरून पलीकडे उतरतात, छापील असेल तर कडेलाच संपतात. हल्लीचं दमास्कस म्हणजे बहुधा १०९५ आणि १५एन२० (हे निकेलवालं) अशा दोन जातींच्या पोलादाचे थर तापवून ठोकलेले. नक्षी उठवायला फेरिक क्लोराइड या रसायनाच्या द्रावणात बुडवलं की १०९५ काळवंडतं, निकेलवालं चकाकत राहतं. गंजतात दोन्ही. आणि चामडं ओल धरतं हो!

उत्तर २: जुनं दमास्कस वेगळंच. ते मुशीत वितळवलेलं वुट्झ पोलाद, दक्षिण भारतातून जायचं. तिथे थरबीर नाहीत.

प्रश्नकर्ता: पाठ पाहिली, रेषा सलग आहेत! शिलाई मशीनचं तेल मऊ फडक्यानं चोळलं, ठिपके निम्मे गेले. आता म्यान भिंतीवर, खंजीर कपाटात. बायको अजून विळीवरच ठाम.