मदत हवी आहे: सेल्फ-डायरेक्टेड आयआरएमधून कर्ज काढून भाड्याचं घर (अमेरिका)

नमस्कार मंडळी. जुन्या नोकरीचं ४०१(के) (नोकरीतली निवृत्ती बचत) सेल्फ-डायरेक्टेड आयआरएमध्ये (गुंतवणूक आपण निवडायची असं वैयक्तिक निवृत्ती खातं) वळवलं आहे, त्यात १,०५,००० डॉलर आहेत. ओहायोतलं २,००,००० चं घर भाड्याने द्यायला घ्यायचंय. वय ४४. तीन प्रश्न: उरलेल्या रकमेचं कर्ज कुणाच्या नावावर निघतं? मुलगा तिथेच कॉलेजला आहे, पूर्ण भाडं भरून तो राहिला तर चालेल का? आणि टॅक्स कसा लागतो?

प्रतिसाद १

कर्ज आयआरएच्या नावावर, तेही नॉन-रिकोर्सच हवं. म्हणजे हप्ते थकले तर बँक ते घर घेईल, पण तुमच्या पगाराला किंवा राहत्या घराला हात लावू शकणार नाही. नेहमीच्या मॉर्गेजवर तुम्ही वैयक्तिक हमीची सही केलीत की तो निषिद्ध व्यवहार ठरतो, आणि त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून अख्खं खातं मोडल्यासारखं धरतात. सगळ्या रकमेवर टॅक्स, शिवाय वय साडेएकोणसाठच्या आत म्हणून १०% दंड. त्यामुळे कर्जाचे कागद कस्टोडियनकडे (आयआरए सांभाळणाऱ्या कंपनीकडे) जाण्याआधी हमीचं कलम स्वतः शोधून वाचाच.

असं कर्ज देणाऱ्या बँका थोड्या आहेत आणि त्या साधारण ३५ ते ४०% डाउन पेमेंट मागतात. ४०% म्हणजे ८०,०००. क्लोजिंगचे (खरेदी पूर्ण करण्याच्या खर्चाचे) ५,००० धरले तर खात्यात २०,००० उरतात. हे २०,००० जपा. छप्पर गळलं, फर्नेस बंद पडली तरी खर्च आयआरएनेच करायचा, खिशातून नाही. नवी भर घालायला वर्षाची मर्यादा असते, २०२५ मध्ये ती फक्त ७,००० होती. खातं रिकामं आणि भाडेकरूही नाही, अशा वेळी हे व्यवहार फसतात.

बयाण्याची रक्कमसुद्धा आयआरएतूनच जायला हवी. खरेदी करारावर स्वतःच्या नावाने सही करू नका. खरेदीदार म्हणजे ‘अमुक ट्रस्ट कंपनी, तमुक यांच्या आयआरएकरिता’.

मुलाला ठेवता येणार नाही, बाजारभावाने भाडं भरलं तरी. तुम्ही, जोडीदार, आईवडील, मुलं-नातवंडं, सुना-जावई सगळे वर्ज्य. सख्खा भाऊ किंवा बहीण मात्र त्या यादीत नाही. रंगकाम, नळदुरुस्ती हेही स्वतः करू नका, माणूस लावा.

प्रतिसाद २

टॅक्सचं मी सांगते. कर्जाच्या हिश्श्यावरच्या उत्पन्नाला यूडीएफआय म्हणतात, आणि त्यावर आयआरएलाही टॅक्स लागतो. तुमचं कर्ज १,२०,००० म्हणजे ६०%. भाडं महिना १,८०० धरा, वर्षाचे २१,६००. व्याज ८% ने ९,६००. घरपट्टी, विमा, देखभाल ७,०००. इमारतीची किंमत १,६०,००० धरून साडेसत्तावीस वर्षांचा घसारा ५,८१८. वजा जाता उणे ८१८, म्हणजे पहिल्या वर्षी टॅक्स शून्य. तरी फॉर्म ९९०-टी (अशा उत्पन्नाचं टॅक्स रिटर्न) भरा: ६०% भाडं १,००० च्या वर जातं, आणि तोटा पुढच्या वर्षांत ओढता येतो. त्यासाठी आयआरएचा वेगळा ईआयएन (टॅक्ससाठीचा ओळख क्रमांक) काढावा लागतो आणि टॅक्स निघाला तर तोही आयआरएतूनच.

धागाकर्ता

मुलाचं बरं झालं विचारलं. बायकोचं कन्सल्टिंग आहे, नोकर कुणी नाहीत. त्याचा उपयोग?

प्रतिसाद २

तिचं सोलो ४०१(के) (नोकर नसलेल्या व्यावसायिकाचा निवृत्ती प्लॅन) उघडता येईल. त्यातून घेतलेल्या घराच्या कर्जाला सहसा यूडीएफआयचा टॅक्स लागत नाही, नॉन-रिकोर्सची अट मात्र तशीच राहते. पण त्यात तिचेच पैसे जातील, तुमचा आयआरए तिच्या प्लॅनमध्ये वळवता येणार नाही. तुमच्या आयआरएतून घेतलंत तर विक्रीच्या नफ्यावरही यूडीएफआयचा टॅक्स येतो. तो टाळायचा तर कर्ज पूर्ण फेडून बारा महिने उलटल्यावरच विका.